पान एकशे सत्तेचाळीस

गर्लगुंजीकरांची नवी कादंबरी आली
पुण्याहून, पार्सलच्या गाडीनं, चार दिवस उशिरा.
वाचनालयाचे सडेकर गुरुजी म्हणाले,
आधी तू वाच, मग बांध.
शहापुरात माझं बायंडिंगचं दुकान,
मागल्या गल्लीत मागांची खडखड आता दोनच घरांत.

त्यांचं पहिलं पुस्तक मी तीनदा शिवलंय.
लोंढ्याच्या फलाटावर एक माणूस
अशा गाडीची वाट बघतो
जिचे रूळच उखडून नेलेत.
एवढंच. कुणी मरत नाही,
कुणी पांढरं नेसत नाही.
फक्त पहाटे तो उठतो, तेव्हा बाकावर शेजारी
कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊब असते.
आठवडाभर मी दिवा लावून झोपलो.

आणि हे.
पहिल्याच पानावर अमावास्या.
तिसऱ्यावर चोर्ल्याच्या घाटातला बंगला,
दार आपोआप उघडतं,
कुत्री वेळापत्रकाप्रमाणे रडतात.
सून जाळलेली, ती परत येते,
पैंजण वाजवते, हसते,
प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी हसते,
आणि शेवटून दुसऱ्या पानावर
भिंतीला टेकून सगळं समजावून सांगते,
शाळा तपासायला आलेल्या साहेबाला सांगावं तसं.
भुतानं एवढं बोलू नये.

बसू, माझ्या हाताखालचा पोरगा,
घरी कानडी, माझ्याशी आमची खिचडी,
खळ ढवळत विचारतो,
"मालक, भूत हाय काय त्यात?"
"भूत हाय," म्हटलं,
"खरं खरं न्हाई."
तो हसला. मला हसू आलं नाही.

एकदा ते दुकानात आले होते, थंडीतले,
मफलर कानावरून न काढता
खळीच्या डब्यात वाकून म्हणाले,
"मोरचूद घालता?"
घालतो. कसर लागत नाही.
दोन वर्षांनी एका गोष्टीत
माझीच बोटं निघाली, नखांशी निळसर.
ज्याला मोरचूद दिसलं होतं
त्याला पैंजण कसं पुरलं?

मग पान एकशे सत्तेचाळीस.
निपाणीच्या स्टँडसमोर एक पेंटर
दुकानाची पाटी नव्या लिपीत रंगवतो.
जुनी अक्षरं एकेक झाकत जातो
आणि शेवटी एक अनुस्वार
तेवढा सोडून देतो.
इकडेतिकडे बघतो. शिडीवरून उतरतो.
सात ओळी. कथानकाशी काही संबंध नाही,
पेंटर पुन्हा येतही नाही.
माझा खळीचा हात वरच्या वर राहिला.

ते होते तिथं. गर्लगुंजीकर,
जुने, लोंढ्याच्या बाकावरचे,
स्वतःच्याच पुस्तकातून चालत गेले
कुणाला न सांगता.
पान उलटलं. बाई हसली.

रात्री कार्ड लिहायला घेतलं,
पुस्तक मिळालं, भीती मिळाली नाही.
लिहून खोडलं.
पंचाहत्तरीच्या माणसाला हे कशाला.
मग पेंटरबद्दल लिहायला गेलो
तर तेवढ्या ओळीत मावेना.
कार्ड अजून गल्ल्यातच आहे.

यंत्रानं गोंद फासून चिकटवलेलं पुस्तक,
तिसऱ्या वाचकाच्या मांडीवर पानं सुटणार.
पाठ कापली. जाड दोरा, पक्की शिलाई,
जरा जास्तच पक्की, रागात घातलेली.
एकशे सत्तेचाळीसपाशी मात्र
अंगठ्यानं पाठ दाबून दाबून सैल केली,
की कुणी कसंही उघडो,
तिथंच उघडावं.

बसूनं उघडून बघितलं.
त्याला मराठी अर्धीमुर्धीच वाचता येते.
एका अक्षराच्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाला,
"ह्याला आमच्यात सोन्ने म्हणतात, मालक.
खरं आमचं आतनं पोकळ असतंय."